हेड बनवायचं की बदलायचं? जुन्या गाडीसाठी मापं घेऊन ठरवायची रीत

गणपतीला गावी आलेला चाकरमानी पडवीतली आजोबांची फियाट बाहेर काढतो. चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी आंबा घाटात काटा लालच्या पलीकडे जातो आणि बॉनेटखालून वाफ येते. नाक्यावरचा मेकॅनिक बॉनेट उघडून बघतो आणि निकाल देतो, "हेड गेलां. दुसरां बघा." (हेड म्हणजे सिलिंडर हेड, इंजिनाच्या ब्लॉकवर बसणारा वरचा भाग. ते 'बनवणं' म्हणजे दुरुस्त करून घेणं.) मग मुंबईला फोन जातो, कुर्ल्याच्या भंगारातून कुठल्याशा टॅक्सीचं हेड येतं, ते बसतं, आणि दिवाळीत तीच वाफ परत.

उलटंही घडतं. गाडी 'ओरिजिनल' ठेवायची म्हणून लोक गळपटलेल्या हेडवर पैसे ओतत राहतात. दोन्हीकडे चूक एकच: हेड उतरवण्याआधीच निर्णय झालेला असतो. खालच्या क्रमात निर्णय सहाव्या टप्प्यावर आहे. त्याआधी कोणी विचारलं तर "अजून मापं घेतोय" एवढंच सांगा.

हे सगळं मुख्यतः पद्मिनी-फियाट ११०० (१०८९ सीसी, लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड) आणि ॲम्बॅसिडर १४८९ सीसी (हेडही बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं) यांच्यासाठी आहे. दोन्ही पुश रॉडवाली इंजिनं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा कॅम खाली ब्लॉकमध्ये आणि त्याचा धक्का लांब दांड्यांनी वर पोचतो. कॉन्टेसाच्या इसुझू इंजिनात कॅम हेडवरच असतो, त्याचा वेगळा मुद्दा वाटेत येईल. साइड व्हॉल्व्हची जुनी विलीज असेल तर व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात आणि हेड म्हणजे नुसतं झाकण. त्यांनी फक्त सपाटी, चीर आणि गंज यांचे भाग वाचावेत.

## १. तयारी: आधी मोसम, मग पाने

जून ते सप्टेंबर हेड उघडू नका. आपल्याकडची हवा पावसाळ्यात नुसती दमट नसते, खारीही असते. बिडाचं हेड संध्याकाळी लख्ख धुऊन ठेवलंत तर सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असते, आणि घासून तयार केलेल्या व्हॉल्व्ह सीटवर (व्हॉल्व्ह टेकून मिटतो त्या कडेवर) तीच झाक म्हणजे केलेलं काम पाण्यात. दसऱ्यानंतर काढा. अडलंच असेल तर प्रत्येक यंत्रित भागाला लगेच इंजिन ऑइलचा हात फिरवून प्लास्टिकमध्ये गुंडाळण्याची तयारी ठेवा.

हत्यारांत कॉम्प्रेशन गेज, टॉर्क रेंच (ठरल्या जोराने नट कसायचा पाना), फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती), व्हर्निअर आणि खरी स्ट्रेट एज (अचूक सरळ, न वाकणारी पट्टी) लागते. शाळेतली स्टीलची पट्टी चालत नाही. ती हेडबरोबर वाकते आणि हेड सरळ आहे असं खोटं सांगते. गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल हवंच, झेरॉक्स चालेल. पुढे मी देतो ते आकडे ढोबळ आहेत. मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर मॅन्युअलचाच धरा.

शिवाय एक वही. प्रत्येक माप तारखेसह लिहा. लेथवाल्याशी बोलताना "बहुतेक थोडं वाकलंय" आणि "दोन-तीन नंबर सिलिंडरच्या मध्ये ०.१२ मिमी" यात फार फरक पडतो.

## २. हेड न उतरवता करायच्या चाचण्या

इंजिन गरम करा, बॅटरी पूर्ण चार्ज ठेवा, चारही प्लग काढा, इग्निशनची वायर सोडा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा. गेज प्लगच्या भोकात लावून स्टार्टरने प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. आकडे लिहा. मग प्रत्येक प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या.

समजा आकडे १२५, ६०, ६०, १२० पीएसआय (दाबाचं माप) आले. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेत म्हणजे त्यांच्यामधलं गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांमधली सील) फुटलंय किंवा तिथलं हेड बसकं झालंय. एकच सिलिंडर पडलेला आहे आणि ऑइलने आकडा चढला, तर दोष पिस्टनच्या रिंगांचा. तिथे हेड बदलून काहीही साधणार नाही. ऑइलनेही आकडा तसाच राहिला तर व्हॉल्व्हवर संशय घ्या. चारही आकडे एकमेकांच्या १०-१५ टक्क्यांत असतील तर हेडला दोष देण्याआधी रेडिएटर, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट बघा.

त्यापुढची चाचणी हवेची. संशयित सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद होतात. प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान द्या. कार्बोरेटरमधून सूं आवाज आला तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ऑइल टाकण्याच्या तोंडातून आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा चीर.

सावध: हवा सोडताना गाडी न्यूट्रलमध्ये हवी आणि क्रँकवर पाना अडकवलेला नको. इंजिन झटक्याने फिरतं, पाना हातावर येतो.

फसू नका: ऑइलच्या झाकणाखाली दुधी फेस दिसला म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलंच असं नाही. आपल्याकडे श्रावणात गाडी फक्त बाजारापर्यंत फिरत असेल तर नुसत्या दमटपणाने तो फेस धरतो. डिपस्टिक बघा. तरी शंका असेल तर रात्रभर उभ्या गाडीचा ड्रेन बोल्ट हळूच सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते आधी बाहेर येईल.

## ३. हेड उतरवणं

निम्मं नुकसान इथे होतं. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. गरम ॲल्युमिनियमचे नट सोडले तर हेड सोडतानाच वाकतं. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) काढा. पुश रॉड काढताना पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यात क्रमाने खोचा, कारण प्रत्येक रॉड आपापल्या जागी झिजलेला असतो आणि तिथेच परत जायला हवा. हेडचे नट कसण्याच्या क्रमाच्या बरोबर उलट, बाहेरून आत, तीन फेऱ्यांत सोडा. पहिल्या फेरीत प्रत्येकाला पाव फेरा पुरे.

मग हेड हलत नाही. फियाटमध्ये तर नाहीच हलत. लोखंडी स्टड (ब्लॉकमध्ये रोवलेले आट्यांचे दांडे) आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये पांढरा क्षार साचून दोन्ही एकजीव झालेले असतात. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलेलं असेल तर विचारूच नका. प्रत्येक स्टडच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल टाका आणि दोन-तीन दिवस थांबा. रोज थोडं तेल आणि लाकडी हातोडीचे चार हलके ठोके.

तरीही हललं नाही तर दोरीचा उपाय आहे. नट अर्धवट सैल करून स्टडवरच ठेवा. पिस्टन वरच्या टोकाच्या थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडा, शेवट बाहेर राहू द्या, आणि क्रँक हाताने फिरवा. पिस्टन दोरी दाबतो, दोरी हेड उचलते. पुश रॉड काढलेले असल्यामुळे व्हॉल्व्ह बंदच असतात. स्टार्टरने हे करू नका.

कधीच नको: गॅस्केटच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणं. ॲल्युमिनियमवर एक खोल ओरखडा म्हणजे फेसिंगचा (मशीनवर कापून तोंड सपाट करण्याचा) एक जादा हात, आणि तेवढी जाडी आयुष्यातून गेली.

## ४. साफसफाई

बऱ्याच ठिकाणी हेड आलं की सरळ कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या टाकीत जातं. ॲम्बॅसिडरच्या बिडाला ते चालतं. फियाटच्या ॲल्युमिनियमला कॉस्टिक खाऊन टाकतो. टाकीत फेस येतोय म्हणजे मळ निघतोय असं वाटतं, प्रत्यक्षात हेड विरघळत असतं. म्हणून दुकानात हेड सोडून परत फिरू नका. "हे ॲल्युमिनियम आहे, कॉस्टिक नको" असं लिहिलेली चिठ्ठी तारेने हेडला बांधा. मी तसंच करतो. लोक हसतात, हसू देत.

घरी डिझेल किंवा रॉकेल, प्लास्टिकचा ब्रश आणि लाकडी खरवडणी पुरते. ड्रिलवर तारेचा ब्रश लावून गॅस्केटची बाजू घासू नका. चेंबरमधला (पेट्रोल जळतं त्या पोकळीतला) कार्बन काढताना व्हॉल्व्ह जागेवरच ठेवा, म्हणजे सीटला ओरखडा जाणार नाही. व्हॉल्व्ह नंतर काढा आणि त्यांनाही नंबर घाला.

## ५. मापं

सपाटी. स्ट्रेट एज सहा दिशांनी ठेवा: दोन्ही लांब कडांजवळ, दोन ठिकाणी आडवी, दोन्ही कर्णांवर. खाली फिलर गेज सरकवून बघा. ०.०५ मिमीपर्यंत ठीक. त्यापुढे फेसिंग लागणार. हीच तपासणी ब्लॉकच्या तोंडाचीही करा. ती जवळपास कोणीच करत नाही आणि नव्या हेडवर गॅस्केट परत उडतं ते बहुतेक त्यामुळेच.

जाडी. हे माप सपाटीपेक्षा महत्त्वाचं. चारही कोपऱ्यांवर व्हर्निअर लावा आणि मॅन्युअलच्या मूळ जाडीशी ताडा. फियाटच्या ६८ मिमी बोअरला अर्धा मिमी फेसिंग मारलं तर चेंबरमधून जास्तीत जास्त १.८ सीसी जागा जाते. कॉम्प्रेशन त्याने फारसं चढत नाही. भीती वेगळीच आहे: चेंबर आणि वॉटर जॅकेट (हेडमधली पाण्याची पोकळी) यांमधला पत्रा पातळ होतो, आणि सगळं हेड खाली आल्यामुळे पुश रॉड लांब पडू लागतात. टॅपेटचा स्क्रू (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांमधलं अंतर ठरवणारा) शेवटच्या आट्यावर आला असेल तर हेड आधी दोनदा-तीनदा फेस झालेलं आहे असं समजा. कोपऱ्याकोपऱ्यात जाडी वेगळी भरली तर कोणीतरी ते तिरकं कापलंय.

कॉन्टेसावाल्यांसाठी: कॅम हेडवर असताना खालची बाजू कापून सरळ केली तरी वरची कॅमची ओळ वाकडीच राहते. फेसिंगनंतर कॅम बसवून हाताने फिरवा. अडत असेल तर फेसिंगने प्रश्न सुटलेला नाही.

चीर. डाय पेनिट्रंट, म्हणजे लाल रंग, पुसणं आणि पांढरा डेव्हलपर, दोन्ही धातूंना चालतो. चुंबकीय चाचणी फक्त बिडाला. ॲम्बॅसिडरमध्ये आधी दोन आणि तीन नंबरच्या एक्झॉस्ट सीटकडे बघा. या इंजिनात मधल्या दोन सिलिंडरांचं एक्झॉस्ट पोर्ट सामाईक आहे, उष्णता तिथे साचते आणि चीर तिथून निघते. फियाटमध्ये दोन व्हॉल्व्हमधला पूल आणि प्लगच्या भोकाची कड बघा.

रंग फक्त पृष्ठभागावरची चीर दाखवतो. आतली चीर पकडायला प्रेशर टेस्टच हवी: पाण्याची तोंडं पट्ट्यांनी बंद करून, हेड गरम पाण्यात बुडवून, जॅकेटमध्ये ३०-४० पीएसआय हवा. गरम पाण्याचा आग्रह धरा. थंडीत मिटलेली चीर गरम झाल्यावरच उघडते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जवळपास सोय मिळाली तर उत्तमच, नाहीतर घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जा. तिथे मशीन शॉपची वाण नाही.

गंज. आपल्याकडचं खास दुखणं. ॲल्युमिनियम, लोखंड आणि मधे खारं पाणी म्हणजे बॅटरीच झाली, आणि तीत झिजतं ॲल्युमिनियम. पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्लेल्या दिसतील. नवं गॅस्केट हेडवर ठेवा आणि त्याच्या धातूच्या कड्याची रेघ पेन्सिलने आखा. गंजाचा खड्डा रेघेच्या बाहेर असेल तर भरता येतो. रेघेला टेकला असेल तर वेल्डिंगशिवाय गत्यंतर नाही.

नरमपणा. फार तापलेलं ॲल्युमिनियम मऊ पडतं. स्टडच्या नटाखालचे वॉशर हेडमध्ये रुतलेले दिसले की सावध व्हा आणि मशीन शॉपमध्ये हार्डनेस तपासून घ्या. मऊ हेड आज सरळ केलं तरी टॉर्क धरत नाही.

व्हॉल्व्ह, गाईड (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती नळी), सीट, स्प्रिंग यांवर निर्णय अवलंबून नसतो, कारण हे सगळं बदलता येतं. तरी नोंद करा. व्हॉल्व्ह सीटवरून साधारण १० मिमी उचलून आडवा हलवा. टकटक जाणवली तर गाईड गेलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड १ मिमीपेक्षा पातळ असेल तर तो टाका. स्प्रिंगवर गंजाचे ठिपके दिसले तर लांबी बरोबर भरली तरी टाका, ती तिथूनच तुटते. देशात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. त्याआधीच्या बिडाच्या हेडमध्ये कडक सीट नसेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुततो आणि टॅपेटचं अंतर परत परत कमी होतं. त्यावर इलाज कडक सीट बसवणं हा आहे. हेड बदलायची गरज नाही.

थांबा, तपासा: वहीत सपाटी, चार कोपऱ्यांची जाडी, रंगाची चाचणी, प्रेशर टेस्ट, गंजाचा नकाशा आणि (ॲल्युमिनियम असेल तर) हार्डनेस, सगळं आलं का? एक जरी राहिलं तरी पुढे जाऊ नका.

## ६. आता निर्णय

लोक हिशोब असा मांडतात: एकीकडे हेड बनवण्याचं पूर्ण बिल, दुसरीकडे भंगारातल्या हेडची किंमत. मग दुसरं स्वस्तच दिसणार! पण भंगारातलं हेडही जुनंच. त्यालाही गाईड, सीट, फेसिंग, प्रेशर टेस्ट हे सगळं लागणार. हा खर्च दोन्ही बाजूंना सारखा, तो खोडून टाका. उरतं ते एवढंच: तुमच्या कास्टिंगची चीर किंवा गंज भरण्याचा खर्च एका बाजूला, दुसऱ्या कास्टिंगची किंमत, वाहतूक आणि 'तेही फुटकं निघालं तर' ही जोखीम दुसऱ्या बाजूला. असं मांडल्यावर बहुतेक वेळा आपलंच हेड बनवणं बरं पडतं. निदान त्याचा इतिहास तरी आपल्याला ठाऊक असतो.

कास्टिंग शाबूत आहे, जाडी शिल्लक आहे, फक्त वाकलंय किंवा व्हॉल्व्ह गेलेत: बनवा, चर्चा नको. गंज रेघेला टेकलाय पण धातू कडक आहे: आर्गॉन वेल्डिंगने भरून फेस करा. बिडाच्या हेडमध्ये सीटजवळ छोटी चीर आहे: नवी सीट तिच्यावरून बसते किंवा पिना मारून ती शिवता येते. मात्र कारागिराने आधी असं काम केलेलं असावं आणि नंतर प्रेशर टेस्ट करून द्यायची त्याची तयारी हवी. बिडाला थंड असतानाच वेल्डिंग मारणारा भेटला तर हेड उचला आणि निघा. आधी तापवलं नाही आणि नंतर सावकाश निववलं नाही तर शेजारी नवी चीर पडते.

बदलायचं कधी? जाडी मॅन्युअलच्या मर्यादेखाली गेली असेल, ॲल्युमिनियम मऊ पडलं असेल, चीर पोर्टच्या आत हात पोचणार नाही अशा जागी पाण्यापर्यंत गेली असेल, किंवा आधीच्या वेल्डिंगच्या शेजारी परत फुटलं असेल तर. यांतलं एकही कारण असलं तर आजोबांची आठवण बाजूला ठेवा.

कागदांची काळजी असणाऱ्यांसाठी: इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, हेड बदलून आरसी बुकात काही बदलत नाही. गाडी ५० वर्षांपुढची असून २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर मात्र त्याच जातीचं हेड लावा.

## ७अ. बदलायचं ठरलं तर

खरेदीला जाताना स्ट्रेट एज, व्हर्निअर आणि आपलं जुनं गॅस्केट घेऊन जा. गॅस्केट हेडवर ठेवून सगळी भोकं जुळतात का बघा. कास्टिंगवरचा नंबर ताडा. चेंबरचा आकार सारखा हवा. प्लगच्या आट्यांची खोली मोजा. आखूड आट्यांच्या हेडमध्ये लांब प्लग गेला तर पिस्टनवर आपटतो.

मुंबईत पद्मिनी टॅक्सी २०२३ पर्यंत धावत होत्या. त्यांच्यातून निघालेली हेडं अजून फिरतात, पण टॅक्सीचं हेड म्हणजे फेसिंगवर फेसिंग. जाडी मोजल्याशिवाय पैसे काढू नका. 'प्रेशर टेस्टमध्ये फुटकं निघालं तर परत' हे आधी बोलून घ्या. नाही म्हणाला तर किंमत भंगाराची, वजनावर.

आपलं जुनं हेड लगेच विकू नका. गाडी हजारभर किलोमीटर नीट चालू दे, मग बघा.

## ७ब. बनवायचं ठरलं तर: मशीन शॉपचा क्रम

माझं स्वतःचं पहिलं हेड इथेच वाया गेलं. दुकानदाराने आधी मस्त आरशासारखं फेसिंग केलं, बिल झालं, आणि मग लक्षात आलं की तीन नंबरला चीर आहे. चीर भरताना वेल्डिंगच्या तापाने हेड पुन्हा वाकलं, पुन्हा फेसिंग, आणि जाडी संपली. चूक त्याची तेवढीच माझी. मी क्रम सांगितलाच नव्हता.

क्रम असा: साफसफाई, चीर तपासणी, प्रेशर टेस्ट, वेल्डिंग लागलं तर ते, मग गाईड, मग सीट, सर्वांत शेवटी फेसिंग, आणि परत एकदा प्रेशर टेस्ट. गाईड सीटच्या आधीच, कारण सीट कापणारं हत्यार गाईडमध्ये बसून फिरतं. जुन्या गाईडवर कापलेली सीट नवं गाईड बसलं की तिरकी पडते. फेसिंग 'कमीत कमी' असं लिहून द्या आणि आल्यावर जाडी पुन्हा मोजा.

घरी आल्यावर व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये पेट्रोल ओता. पाच मिनिटांत चेंबरमध्ये ओल दिसली तर परत घासा.

## ८. बसवणं

स्टडची किंवा बोल्टची भोकं फडक्याने आणि हवेने कोरडी करा. बंद भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट कसताना ब्लॉकच फुटतो. गॅस्केटवर वरची बाजू लिहिलेली असते, ती वाचा. कसणं मधून बाहेर, तीन टप्प्यांत, मॅन्युअलच्या टॉर्कने. 'हाताला कळतं' म्हणणाऱ्याला चहा पाजा, पाना देऊ नका. त्यानंतर टॅपेट.

रेडिएटरमध्ये विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको. तयार कूलंट घाला, नाहीतर दाट कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून. आपल्याकडे बर्फ पडत नाही हे खरं, पण कूलंट इथे गंज रोखायला लागतं. थर्मोस्टॅट काढून टाकायची सवयही सोडा. तो नसला तर इंजिन धड तापतच नाही.

गाडी एकदा पूर्ण गरम करा, रात्रभर थंड होऊ द्या, आणि गॅस्केटच्या जातीनुसार मॅन्युअल सांगत असेल तर नट पुन्हा टॉर्कला आणा, टॅपेट परत बघा. मग आधी सपाटीवर पन्नास-साठ किलोमीटर, रोज सकाळी थंड इंजिनात पाण्याची पातळी बघत. आठवडाभर पातळी हलली नाही तर घाट चढा.